भवानीचा डबा

ऑनलाइन पैसे घ्यायला कोणत्या कंपनीचा डबा चांगला, हे मला विचारू नका. मी थकलोय त्या विषयाला.

अंबडला आमचं नळफिटिंगचं दुकान. गल्ल्यावर अण्णा बसतात, म्हणजे माझे वडील. महिनाभर चौकशी करून, पैसे आले की बोलणारा तो डबा मी आणला. सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकानं स्कॅन केलं, डबा बोलला, "वीस रुपये मिळाले."

अण्णा हात पुढं करून बसलेले. "भवानीचे पैसे हातात दे."

"काका, आले की तुमच्या खात्यात."

"खातं कपाळाला कसं लावू?"

दिवसाची पहिली कमाई कपाळाला लावल्याशिवाय अण्णा दुसरं गिऱ्हाईक करत न्हाईत. मंग त्यांनी डबाच उचलला आणि कपाळाला लावला. वायर तुटली, डबा मुका झाला.

दुसऱ्या कंपनीचा आणला, बिनवायरचा. तो विटेसारखा जड. रोज सकाळी उचलून उचलून आठ दिवसांत अण्णांचा खांदा धरला. दवाखाना मलाच करावा लागला.

मंग तिसऱ्या कंपनीचा माणूस आल्ता. चार्ज किती, पैसे खात्यात कधी, लोन कसं, अर्धा तास सांगून राह्यल्ता. मी तेवढ्यात डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणलं, "हाच द्या."

तो खूश झाला. "साहेब, आमची कोणती स्कीम आवडली?"

म्हणलं, "वजन."