घाट दिवसाउजेडी

मुलगी: थांबा, थांबा बाबा. दुसऱ्या दिवशी सगळा घाट चढायचा आणि त्याच दिवशी पलीकडे उतरून वाळवंटाच्या तोंडाशी मुक्काम? हे बसचं वेळापत्रक झालं. आपण मोटरसायकलवर जाणार आहोत.

बाबा: त्यात काय? जन्म गेला माझा त्या घाटात. सासूच्या वळणापर्यंत दुसरा गिअर सोडायचा नाही, तिथून खिंडीपर्यंत तिसरा. नकाशा तुझ्यासाठी पसरलाय. मला कशाला पाहिजे?

मुलगी: सासूचं वळण?

बाबा: आम्ही ड्रायव्हर लोक म्हणायचो. लांबून अगदी सरळ दिसतं. जवळ गेलं की कळतं किती वाकडं आहे ते.

आई: (स्वयंपाकघरातून) माझ्या सासूबाई तशा नव्हत्या हं. उगाच नावं ठेवू नका.

बाबा: तुला कोण बोललं? तर ऐक. मी पुढे, तू तुझी गाडी घेऊन मागे. माझ्या आरशात तुझा दिवा दिसत राहिला पाहिजे, बस्स. खिंडीत वारा बोचरा असतो, आतून लोकरीचं काहीतरी घाल. उतरलं की मग दऱ्या. तांबड्या कड्यांच्या, मैलोन् मैल. तिथे घाई करायची नाही. मधल्या पट्ट्यात पेट्रोल मिळत नाही, एक डबा मागे बांधून घेऊ. पाणी माणशी दुप्पट.

मुलगी: चहा घ्या ना.

बाबा: दे की. केलास?

मुलगी: आईनं केव्हाच आणून ठेवलाय.

बाबा: कुठे?

मुलगी: तुमच्या डाव्या हाताशी.

बाबा: हां. नकाशात लक्ष होतं. गार झाला वाटतं. असू दे, मला गारही चालतो.

मुलगी: बाबा, मी सुट्टी काढून अशी अचानक का आले, विचारलं नाहीत तुम्ही.

बाबा: लेक माहेरी आली, त्याला कारण लागतं?

मुलगी: आईनं फोन केला होता. ती सायकलवरची मुलगी पडली, त्याच दिवशी.

बाबा: वा! म्हणजे हिनं दवंडी पिटली.

आई: पिटली. किती दिवस पोटात ठेवू? तुम्ही तर मलाही सांगितलं नव्हतं, शेजारीण सांगायला आली.

बाबा: अगं, ती पोर चुकीच्या बाजूनं आली.

आई: ती बरोबर बाजूनंच आली होती.

मुलगी: बाबा?

बाबा: बरं. बरोबर बाजूनं आली. मला दिसलीच नाही. एका क्षणी रस्ता मोकळा होता, दुसऱ्या क्षणी ती माझ्या चाकापाशी. दोन्ही गुडघे फुटले बिचारीचे. मी उचलली, पाणी दिलं. आणि ती मलाच विचारते, आजोबा, तुम्हाला कुठे लागलं नाही ना?

मुलगी: कुठल्या बाजूनं आली?

बाबा: डावीकडून.

मुलगी: डॉक्टर काय म्हणतात?

बाबा: काचबिंदू म्हणतात. थेंब घालतो की मी दोन वेळा.

आई: मी घालते. हे नुसते वर तोंड करून बसतात, तेही कुरकुरत.

मुलगी: थेंबांचं नाही विचारलं मी. पुढे काय होणार म्हणाले?

बाबा: गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. आहे ती सांभाळा. मधलं दिसत राहील, कडा जातील. डावीकडची गेलीच आहे निम्मी. उजवीकडची कधी जाईल ते त्यांनाही सांगता येत नाही. झालं समाधान? आता कळलं ना, मी यंदाच का जाऊ म्हणतोय ते? मला त्या दऱ्या बघायच्या आहेत. पुढच्या वर्षी जाऊन काय करू, वास घेऊ?

मुलगी: पण बाबा, तुम्ही तर रोज त्यांच्यातूनच जात होता.

आई: जात होते. बघितल्यात कुठे?

मुलगी: म्हणजे?

आई: जन्मभर रात्रपाळी यांची. दिवेलागणीला गाडी सुटायची, घाट काळोखात, दऱ्या काळोखात. उजाडायच्या आत पलीकडच्या गावी. तिथे दिवसभर खिडक्यांना कागद लावलेल्या खोलीत झोप, आणि रात्री परत तोच रस्ता.

मुलगी: मग लहानपणी मला सांगायचे ते? तो बसलेल्या हत्तीसारखा कडा? उन्हं कलली की जांभळी होणारी भिंत?

बाबा: ते दिवसाच्या गाडीचा कंडक्टर सांगायचा. माणूस खोटं बोलणारा नव्हता.

मुलगी: मी शाळेत निबंध लिहिला होता त्या हत्तीवर. ‘माझ्या वडिलांचा रस्ता’.

बाबा: आहे माझ्या लक्षात. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता. तू घरी आलीस, फ्रॉकवर शाईचे डाग. मग खरं सांगायचं राहूनच गेलं.

मुलगी: दिवसाची गाडी मागायची ना.

बाबा: मागितली. दिवसाच्या गाड्या वशिल्याच्या लोकांना. आम्हाला दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढा रस्ता. पुढचा पट्टा, पांढरी रेघ, बस्स. पण खरं सांगू? दरी कळायची. दगडी भिंत असली की इंजिनाचा आवाज अंगावर परत यायचा. दरी आली की आवाज जायचा तो जायचाच. कोणी जागं असलं तर विचारायचं, ड्रायव्हरसाहेब, किती खोल आहे हो? मी म्हणायचो, खूप. काय सांगणार दुसरं?

मुलगी: बाबा, आपण जाऊ. नक्की जाऊ. पण एकच गाडी न्यायची. आणि ती मी चालवणार.

बाबा: काय म्हणालीस?

मुलगी: तुम्ही माझ्या मागे बसायचं.

बाबा: घडी कर तो नकाशा.

मुलगी: बाबा—

बाबा: घडी कर म्हटलं ना. कपाटात ठेव. नाही जायचं कुठे. आयुष्यभर माझ्या भरवशावर अख्खी बस झोपून गेली. गाडीला कधी ओरखडा नाही. आणि आता मला पोत्यासारखं मागे बांधून नेणार? तुला क्लच म्हणजे काय ते कोणी शिकवलं?

मुलगी: तुम्ही. आणि तुम्हीच शिकवलंत की आरशात न दिसणारा माणूसही रस्त्यावर असतो, त्याच्यासाठी मान वळवून बघायचं. मला भीती वाटते, बाबा. स्पष्टच सांगते. तुमच्यासाठी वाटते आणि त्या सायकलवरच्या पोरीसारख्या कोणासाठी तरी वाटते. तिचे गुडघे फुटले. पुढच्या वेळी गुडघ्यांवर भागलं नाही तर? तुम्ही जगू शकाल ते घेऊन?

बाबा: नकाशा आवर आधी.

आई: उत्तर द्या. तिनं विचारलंय.

बाबा: काय उत्तर देऊ? झोप लागते का मला त्या दिवसापासून? डोळा मिटला की ती सायकल दिसते. उघड्या डोळ्यांना नाही दिसली, आता मिटल्यावर दिसते.

आई: मग?

बाबा: मग काय? नाही जायचं. सांगितलं ना. गाडी विकून टाका.

आई: झालं. एक घाव दोन तुकडे. अहो, लग्नानंतर आपण तळ्यावर जायचो तुमच्या त्या जुन्या गाडीवरून, आठवतंय? मी म्हणायचे, बघा बघा, केवढे पक्षी उठले. तुम्ही म्हणायचात, कुठले पक्षी? दरवेळी. मी एवढी वर्षं तुमच्या मागे बसले, मी काय पोतं होते?

बाबा: तसं कोण म्हणतंय?

आई: आत्ता तुम्हीच म्हणालात. मागे बसणाऱ्याला सगळं दिसतं हो. पक्षी, डोंगर, कोणाच्या अंगणात काय वाळत घातलंय तेसुद्धा. हाकणाऱ्याला फक्त रस्ता. त्या दऱ्यांतून तुम्ही पुढे बसून गेलात ना, तर काळोख होता तेव्हा जे पाहिलंत तेच उजेडात पाहून याल. पट्टा आणि पांढरी रेघ.

मुलगी: आणि तुम्हाला आता मान पूर्ण वळवल्याशिवाय बाजूचं दिसत नाही. त्या वळणावर हँडल धरून दरीत बघू शकाल तुम्ही?

बाबा: त्या वळणावर? एक क्षणसुद्धा नाही. बघितलं की गेलाच.

मुलगी: मागे बसून बघता येईल. हवं तेवढं. मी गाडी सावकाश नेईन.

बाबा: घाटात मळमळतं ड्रायव्हरला, मागे बसवलं की.

आई: लवंग देते बरोबर.

बाबा: हिचं आपलं सगळ्यावर काहीतरी आहेच. काय गं, चढावर गाडी धापा टाकायला लागली की तू काय करतेस?

मुलगी: धापा टाकायच्या आधीच गिअर उतरवते.

बाबा: आणि खडी आली वळणात?

मुलगी: ब्रेकला हात लावत नाही. वळणाआधीच वेग कमी केलेला असतो.

बाबा: समोरून ट्रक आला, आणि त्यानं दिवा दाखवला तर?

मुलगी: मी थांबते. चढणारा असो की उतरणारा, आपण लहान आहोत.

बाबा: हं. दुसऱ्या दिवशी मग नुसता घाटच ठेव. खिंडीच्या अलीकडे एक धर्मशाळेसारखी खोली आहे, तिथे मुक्काम करू. मला पलीकडची बाजू सकाळच्या उन्हात हवी आहे.

मुलगी: ठेवते. आणि दऱ्यांना?

बाबा: दऱ्यांना जेवढे देता येतील तेवढे दिवस दे.

आई: थेंबांची बाटली उन्हात तापवायची नाही, सांगून ठेवते. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात. दुपारी फडकं पुन्हा भिजवायचं. आणि घालताना कुरकुर केली तर मला फोन कर.

मुलगी: करते. बाबा, मागून सूचना द्यायच्या नाहीत हं.

बाबा: एक शब्द बोलणार नाही.

आई: बघू. पहिल्या चौकापर्यंत टिकलात तरी मिळवलं.

बाबा: तू जा बघू आत. पोरीशी बोलायचंय मला जरा.

आई: जाते. जणू मला ऐकूच येणार नाही.

मुलगी: काय हो बाबा?

बाबा: हसायचं नाही.

मुलगी: नाही हसत.

बाबा: मागे बसलं की हातांचं काय करायचं असतं गं?