निसर्गप्रेमी आणि कबुतराची अंडी

अहो, आमच्या पोराला आणि सुनेला निसर्गाचं भारी वेड! दोघं ऑस्ट्रेलियाला काय जाऊन आले, इथे आखातात अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर येईल त्याला टीव्हीवर व्हिडिओ दाखवतात. परवा पाहुण्यांना सून सांगत होती, "तिथे बीचवर पक्ष्यांच्या घरट्याजवळ फिरकू देत नाहीत. सो स्वीट!"

तेवढ्यात बाल्कनीत फडफड झाली. एसीमागे कबुतरानं अंडी घातलेली.

सून किंचाळली, "शी! नितीन, वॉचमनला बोलाव. फेकून दे म्हणावं, खलास!"

मी उठलो आणि बाल्कनीला कुलूप ठोकलं.

नितीन म्हणाला, "बाबा, चावी द्या. कपडे कुठे वाळवायचे?"

"हॉलमध्ये. पिल्लं उडाली की चावी मिळेल."

चावी माझ्या लेंग्याच्या नाडीला आहे. आता पाहुण्यांना ऑस्ट्रेलिया बघायचा तर दोघांच्या चड्ड्या बाजूला साराव्या लागतात.