मामाजींचा गुडघा

आमच्या राजापेठेतल्या दुकानांच्या मधोमध ही भिंत कशाला, म्हणता? तो मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा गुडघा आहे.

कपाशीचा भरवसा उरला नव्हता, म्हणून नवं घर बांधताना खाली दुकानं काढून त्यांच्या भाड्यावर संसार चालवायचं ठरलं. ह्यांना समोर नुसती शटरंच हवी होती. आमची पुतणी इंजिनिअर. नकाशा पाहून म्हणाली, "काका, मागं सलग भिंत अन् समोर सारं मोकळं. भूकंपात मागची बाजू घट्ट राहील, समोरची फिरेल. घर पिळून निघेल. समोर एका शटरच्या जागी भिंत घ्या."

"घर काय चकरी आहे, फिराले? अन् एक शटर गेलं तर खाऊ काय?" हे म्हणाले.

मामाजी खाटेवरून बोलले, "परतवाड्याच्या बसमध्ये मी कसा पडलो? बरेक लागला. हा गुडघ्यात आखडलेला पाय जागीच राह्यला अन् बाकीचा मी त्याच्याभवती फिरून कंडक्टरच्या मांडीवर."

"आबाजी, अगदी तसंच," पुतणी म्हणाली.

"मंग समोर बी एक आखडलेला पाय दे घराले," मामाजी ह्यांना म्हणाले. "वरती लेकरं झोपतीन. त्यायले झेलाले तिथं कंडक्टर नसन."