कापणीनंतर हजर झालेला यादोराव

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरील मान्यवर पाहुणे, कार्यालयातले माझे सहकारी, आणि घरची कामं टाकून करडीहून इथवर साकोलीला आलेल्या गावकरी मंडळींनो,

शाळेत नाव घालताना गुरुजींनी मला आणि यादोरावला एकच जन्मतारीख देऊन टाकली, म्हणून आज आम्ही दोघंही निवृत्त होतोय. दोघांच्या वतीने मी, टिकारामने, बोलावं, असं यादोरावने परस्पर ठरवलं. नेहमीचंच आहे.

खरं सांगू? सकाळपासून मी इथे नाहीच. डोळे मिटले की तळ्याखालची आमची धानाची बांधी दिसते, पिकून पिवळी झालेली, वाऱ्यावर डुलणारी. रोजंदारीवरून कायम केल्याचा आदेश आम्हा दोघांना मिळाला, तो ऐन कापणीत. आमचे बाबा खाटेवर, धान उभं. यादोराव म्हणाला, "तू जा, हजर हो. तुमचं धान मी पाहातो. नोकरी का पळून चालली?" त्याने आधी आमचं धान घरी आणलं, मग स्वतःचं, आणि मग तो हजर झाला. मधल्या दिवसांत पेन्शनचा नियम बदलला होता. मला जुनी पेन्शन, त्याला बाजाराबरोबर वरखाली होणारी नवी योजना. हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं, मंडळी?

परवा आमच्या कार्यालयातला तरुण भुपेंद्र म्हणाला, "काका, तुमची पेन्शन आमच्या करातून. आमच्या म्हातारपणी कोन देईन?" म्हातारे वाढत जाणार, तिजोरी कुठवर पुरेल? आणि ज्याने त्याने आपापलं साठवावं म्हटलं, तर ज्याला साठवणं जमलंच नाही त्याने कोणाकडे बघावं?

यादोरावच्या घरी आनंदावहिनींना हीच काळजी. काल त्यांच्या ओसरीवर बसून मी म्हणालो, माझी अर्धी पेन्शन तुमची. यादोराव चिडलाच. "तुले का वाटते, मी पस्तावून राहिलो? तुया बाप त्या सालचा नवा भात पोटभर खाऊन गेला. थे कोनत्या योजनेत भेटते, सांग मले."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्याने पाहिलं नसावं.

शाल-श्रीफळ दिलंत, प्रेमाने आलात, आम्ही दोघंही आपले आभारी आहोत. वहिनी, अर्धी पेन्शन मी दर महिन्याला तुमच्याच हाती देणार. यादोरावला विचारणार नाही. माझ्या बांधीत विळा घेऊन उतरताना त्याने तरी मला कुठे विचारलं होतं? आणि घरातली गोष्ट भरसभेत बोललो, त्याबद्दल सभेने मला माफ करावं.