पंधरावा फर्मा

...आणि म्हणे मी लोकांना पुस्तकं वाचू देत नाही. मी! ज्या माणसाने उभा हिवाळा दिसेल त्याच्या मागे लागून 'वाचा, वाचा' केलं, त्याला ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघत म्हणतात, "काका, तुम्ही पुस्तक सुचवता की ऐकवून संपवता?" आता तुम्हीच सांगा, मी कुणाला कधी शेवट सांगितला आहे का? शेवट मी सांगत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

मुळात हे सारं सुरू झालं डोळ्यामुळे. मी पुस्तकं बांधणारा. शाळा चौथीत सुटली, पण बाद झालेले छापील कागद चाळत चाळत स्वतःच वाचायला शिकलो, आणि शुद्ध शिकलो, हे नम्रपणे नमूद करतो. पुढे संसार, कामाची रीघ... बेचाळीस वर्षं हजारो पुस्तकं शिवली आणि एक वाचलं नाही; शिंप्याच्या सदऱ्याला बटण नसतं, तसंच ते. मग गेल्या वर्षी मोतीबिंदू काढला, पट्टी उतरली, आणि समोरच्या औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं मी सलग तीनदा वाचली. डॉक्टर म्हणाले, "पुरे आता काका, त्यात गोष्ट नाही." दुसऱ्याच दिवशी वाचनालयात नाव घातलं.

आजवर एकोणीस झाली. एका शिंपिणीच्या नऊ कथा आहेत, त्या अवश्य वाचा, सातवी सोडून. सातवीत लेखिकेला घाई झाली आहे. नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांचं आत्मचरित्र आहे, तेही वाचा, फक्त त्यात त्यांच्या पत्नीचं नाव दोन ठिकाणी वेगवेगळं पडलं आहे, तिकडे दुर्लक्ष करा. पण तुम्हाला सांगतो, सगळ्यांवर कडी म्हणजे 'धक्क्यावरचा कंदील'. दीपगृहाचा एक रखवालदार, वीस वर्षांपूर्वी भांडून नावेतून निघून गेलेल्या धाकट्या भावाची वाट पाहतो आहे. बस, एवढंच. एवढ्यावर दोनशे चाळीस पानं, आणि एक पान उगाच नाही.

ते परत करायला गेलो तर बाई म्हणतात, "हे महिनाअखेरीला बाद होणार. पाच वर्षांत तुमच्याशिवाय कुणी नेलेलं नाही."

म्हटलं, "मी पुन्हा नेतो."

"तुमचं चालणार नाही. दुसरा वाचक हवा."

एक. फक्त एक दुसरा वाचक, आणि हाती अकरा दिवस! मग मी काय हातावर हात धरून बसणार? न्हाव्याच्या खुर्चीत मान टाकली आणि पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली... गालावरचा साबण वाळून पोपडे पडले. न्हावी म्हणाला, "मग भाऊ येतो का?" म्हटलं, शेवट मी सांगत नाही, तत्त्व म्हणजे तत्त्व, इतकंच सांगतो की पहाटे दूर एक नाव दिसते, रखवालदार कंदील उंच धरतो, आणि इथे, लक्ष द्या, लेखक नावेकडे ढुंकूनही बघत नाही, पान उलटलं की थेट 'पोळ्याजवळ जाताना हातांची घाई करू नये'! तिथून सोळा पानं मधमाश्या. त्यांची निगा, त्यांचे आजार, अखेरीस सूची. माझ्या अंगावर काटा आला हो. भाऊ आला की नाही हे विचारणंच खुळेपणाचं. माणसाने वाट पाहणं सोडून कामाला लागावं, हे सूचीतून सुचवायला केवढी प्रतिभा लागते!

न्हावी म्हणाला, "झालं की मग. आता वाचायचं काय उरलं? मान खाली."

सूनबाईला ओट्याशी उभं राहून तीन दिवस सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला आता त्या मधमाश्यांचे आजारसुद्धा पाठ झालेत." ग्रंथपालबाईंनी फळ्यावर लावायला तीन ओळी मागितल्या होत्या, मी नऊ पानं दिली, शुद्धलेखन तपासून. फळ्यावर मावली नाहीत, हा काय माझा दोष?

दहाव्या दिवशी आमची ही उठली. "माझ्या नावाचं कार्ड काढून द्या, मी नेते. निदान मी वाचेपर्यंत तरी गप्प बसाल." नेलं. वाचलं. आणि दोन दिवसांनी आतून हाक, "अहो, इकडे या. हा शेवटचा फर्मा बघा. आधीचे चौदा पिवळे, हा पांढरा कसा?"

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाची घडी घालून होणारी सोळा पानं. तळाशी बारीक आकडा असतो, ते आकडे जुळवत पुस्तक शिवायचं. हिने माझ्या शेजारी बसून जन्मभर घड्या घातलेल्या, हिच्या नजरेतून काय सुटणार? "हे मधमाश्यांचं पुस्तकच वेगळं आहे. कुणी शिवलं हे?" पुठ्ठ्याच्या आत माझी चिठ्ठी, माझं अक्षर. दोन्ही पुस्तकं दोनशे चाळीस पानांची, दोन्हींचा शेवटचा फर्मा पंधरावा, आणि दोन्ही माझ्याकडे एकाच आठवड्यात दुरुस्तीला आलेली...

"प्रतिभा म्हणे," ही म्हणाली, आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिली.

वाचनालयात जाऊन मान खाली घालून सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तरीच! 'सुलभ मधमाशीपालन' आमच्याकडे सगळ्यांत जास्त जातं. एकाच्याही घरी पोळं नाही, आणि माणसं डोळे पुसत परत करतात. मला वाटायचं, शेवटी माश्या मरत असतील."

म्हटलं, "द्या दोन्ही, उसवून नीट शिवून देतो."

"हात लावू नका," बाई म्हणाल्या, आणि आतल्या पानावर चिठ्ठी डकवली: 'दोन्ही एकत्र न्यावीत'. बादच्या यादीतून नाव गेलं. आता रांग लागली आहे. नऊ पानांच्या शिफारशीला जे जमलं नाही, ते एका चुकीच्या टाक्याने केलं.

मीही नाव घातलं. कादंबरी वाचणारा माणूस मी, मधमाश्यांचं पुस्तक कशाला उघडलं असेल कधी? सातवा आहे. पहिला न्हावी. परवा दाढी करताना त्याचेच डोळे भरलेले, वस्तरा गळ्यावर, मी ओठ न हलवता विचारलं, "भाऊ येतो का रे?"

तर म्हणतो कसा, "काका, शेवट मी सांगत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व."

तेव्हा तुम्ही 'धक्क्यावरचा कंदील' अवश्य वाचा. शेवट मी सांगत नाही. मला तो माहीत नाही.