दावा मागे घ्या म्हणून घरी आलेले दोघे

नाव रंजिता मोतीलाल सोनवणे, वय ४६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार लालबाग, बऱ्हाणपूर.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी व मुलगी सायली, वय १९, अशा दोघी राहतो. माझे पती मोतीलाल यांचे इतवाऱ्याच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचे दुकान होते.

दोन वर्षांपूर्वी एका संघटनेचा मोर्चा निघाला. इतवाऱ्यातून जाण्याची परवानगी नव्हती. संघटनेचे प्रमुख नंदकुमार यांनी माइकवरून "दुकानं ओळखून घ्या" असे सांगून मोर्चा तिकडे वळवला. जमाव आमच्या दुकानाशेजारच्या रफीक यांच्या बांगड्यांच्या दुकानावर आला. रफीक आत होते. माझे पती शटरपुढे उभे राहिले. त्यांच्या डोक्यात सळई बसली. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात वारले. मारणारा कोण, हे आजवर निघाले नाही.

म्हणून मी मोर्चा काढणाऱ्यांवरच दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा लावला. शांतता राखण्याची जबाबदारी नंदकुमार यांनी परवानगीच्या अर्जात सहीनिशी घेतली होती. येत्या सोमवारी माझी साक्ष आहे.

काल दुपारी चारच्या सुमारास मी मशीनवर बसले असता माझे दीर समाधान व एक अनोळखी इसम घरी आले. मी पाणी दिले. दीर म्हणाले की समझौता करून टाका, आपल्याच लोकांना कोर्टात उभे करणे बरे दिसत नाही. त्या दिवशी तुम्ही कुठे होता, असे मी विचारले. ते म्हणाले, "मोर्चातच होतो, वहिनी. दादा मधे आला नसता तर त्याला काही झालं नसतं."

हे मला माहीत नव्हते. आम्हाला मुलगा नाही. पतीला अग्नी दिरांनीच दिला होता.

नंतर तो इसम म्हणाला, "सोमवारी कोर्टात गेलीस तर बघ. पोरगी कोणत्या बसने कॉलेजला जाते ते आम्हाला माहीत आहे." दीर त्यास काही बोलले नाहीत. दोघे निघून गेले.

सायली आज कॉलेजला गेली. मी नको म्हटले तरी गेली. तिला बसमध्ये बसवून मी येथे आले.

घरचा मामला आहे, दिरांचे नाव लिहायचे काय, असे साहेबांनी मला दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा लिहा म्हणाले.

हा मजकूर माझ्या विनंतीवरून मराठीत लिहून मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे. खाली माझी सही.