जोतीरामनं आठवण काढली

त्या दिशी वारं असं पडल्यालं की लिंबाचं पान हलंना, आभाळ आल्यालं पर पाऊस यायचं नाव न्हाई, अंगातनं नुस्त्या घामाच्या धारा, आन असल्या उकाड्यात, तुमाला सांगतो, मांडवाखाली जत्रंच्या मटणाची पंगत… बरं, उकाडा सोसला असता, माणसं सोसवंनात. किळस आली बगा.

सांगतो, दमा. मला घाईनं बोलाय येत न्हाई.

जेवण हुतं लालासाहेबाकडं. लालासाहेब म्हंजी आमच्या गावचा रिटायर सुभेदार, जेवतानाबी छाती काढून बसणारा. माज्या शेजारी हरिबा. आता मला वर दोन दात, खाली जे असत्याल ते, तरी हौस बगा माजी, मटणाची चांगली मोठी फोड उचलून तोंडात टाकली, तेवढ्यात हरिबा कायतरी चावट बोलला, मी हसलो, आन फोड ग्येली नरड्यात आडवी. लागला ठसका.

तुमी म्हणाल, आडाणी गाव असंल. न्हाई वो. मागं तासगावासनं एक सायब आला हुता, रबराचा माणूस घिऊन. घास अडकला तर काय, रगात आलं तर काय, समदं शिकीवलं. समद्यांनी त्या रबराच्या माणसाला दाबून घेतलं, च्या पिला, सर्टिफिकेटं घेतली. लालासाहेबाचं तर काचंत घातल्यालं हाय, देवाच्या फोटूशेजारी. जाताना सायब म्हणला, "अधनंमधनं सराव करत जावा, न्हाईतर इसरून जाल." समदी म्हणली, व्हय व्हय. तवापास्नं कुणी कुणाला बोट लावलं आसंल तर शपथ.

मी खोकतोय, आन हरिबा म्हणतोय, "नाना, कोणतरी आठवण काढतंय तुमची." झालं, अख्खी पंगत लागली नावं घ्यायला… ज्याच्या नावाला ठसका थांबंल त्यो आठवण काढतोय, ही आमची रीत. "पुन्याची लेक आसंल." मी खोकतोय. "म्हसवडची मेव्हणी?" खोकतोय. एकजण म्हणतोय, वर बगा, पोपट बगा… डोळ्यांत पाणी, कुठला पोपट दिसतोय? मग हरिबा म्हणला, "थोरला भाऊ, जोतीराम?"

आन ठसका थांबला.

थांबला म्हंजी काय, फोड घट्ट बसली. आवाज न्हाई, वारं आत न्हाई का भाईर न्हाई. आन पंगत खूश. "बगा, जोतीरामच." "लय जीव हुता रं भावावर." आन लागली परत रस्सा वरपाय. आवं, जोतीरामला जाऊन किती वर्सं झाली. आन खोटं कशाला बोलू, त्यो बोलवतच हुता, मी निम्म्या वाटंवर पोचलो बी हुतो. जीव चाललाय, आन कानात आवाज कसला, तर रस्सा वरपायचा. किळस आली बगा.

मी हरिबाच्या मांडीवर हात आपटला. त्यानं मीठ दिलं.

शेवटाला माजं काळंनिळं पडल्यालं तोंड लालासाहेबानं बगितलं. उठला. म्हणलं वाचलो, काचंतलं सर्टिफिकेट आलं. तर ह्यो म्होरं ताठ उभा ऱ्हाऊन इचारतोय, "नाना, तुम्हाला श्वास घेता येतोय का?" आन थांबला उत्तराला. मी मान हालवतोय. "तोंडानं सांगा नाना, आदी इचारायचं आसतंय." मग हरिबासंगं वाद. "मागनं कवळा घालून मूठ दाबायची ती बेंबीच्या वर का खाली रं?" "वर." "खाली." "त्या रबराच्या माणसाला बेंबी कुठं हुती गड्या?" वाद मिटंना, म्हणून लालासाहेबानं काय करावं? ज्या बोटानं मगाशी तंबाखू मळली, ज्या बोटानं रस्सा वरपला, त्येच बोट घातलं माज्या घशात, फोड काढाय. सायब सांगून ग्येला हुता, दिसत न्हाई तितं बोट घालू नगा, घास आणखी आत जातोय. ग्येला. आन तंबाखूची चव जिभंवर ऱ्हायली. मराय निघालेल्या माणसाला शेवटची चव ही? किळस आली बगा.

तितं भाकरी वाढत हुती हरणाबाई. आमची शेजारीण. माजी शेळी तिचा शेवगा खाती, म्हणून माज्याशी बोलत न्हाई. तिनं पाटी खाली ठिवली, "सरा" म्हणली, सुभेदाराला ढकलला बाजूला, मला म्होरं वाकवला आन दोन खांद्यांच्या मदी तळहात असा हाणला… पयला दणका माज्या जिवासाठी आसंल, म्होरचं समदं शेवग्याचं. पर फोड उडाली. पडली कुठं, तर हरिबाच्या रश्शात. हरिबानं बगितली, बोटानं उचलून कडंला टाकली, आन वाटी तोंडाला लावली.

न्हाई, ऱ्हाऊ द्या. जास्त सांगत न्हाई.

सांजच्याला मी शेळी दाव्याला बांधली आन हरणाबाईच्या दारात जाऊन म्हणलं, "बाई, जीव वाचीवलास. आता शेळी तुज्या शेवग्याकडं बगायची न्हाई." तिनं मला खालवर बगितलं, आन कितीक महिन्यांनी तोंड उघडून म्हणली, "सायब काय सांगून ग्येला ते इसरलासा व्हय नाना? अधनंमधनं सोडत जावा शेळी. सराव ऱ्हायला पायजे माजा."